घरात मतं किती?

पहिल्यांदा मत देऊन आलेल्या पोराला किंवा पोरीला आपण सगळे एकच प्रश्न विचारतो: कुणाला दिलंस? काका विचारतात, शेजारचे विचारतात, केस कापणाराही विचारतो. विचारताना आपण कायद्यानं जपलेली एक गोष्ट मागतो आहोत, हे कुणाच्या मनातही येत नाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 94 आहे. त्यानुसार मतदाराला, अगदी न्यायालयातल्या साक्षीतसुद्धा, त्यानं कुणाला मत दिलं हे सांगायला भाग पाडता येत नाही. उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाला जे विचारता येत नाही, ते आपल्याकडे पोह्यांच्या बशीबरोबर विचारलं जातं.

माझ्या भाचीनं 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेसाठी पहिलं मत दिलं. त्यानंतर तिनं हा प्रश्न ज्या शांतपणे परतवून लावला, तो पाहून मला या विषयावर लिहावंसं वाटलं. ती पुण्यात पहिल्या वर्षाला होती, नाव मात्र गावच्या यादीत. गाव सातारा जिल्ह्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं. तिचं नाव वेळेत लागलं ही नियमातल्या एका छोट्या बदलाची कृपा. पूर्वी मतदाराचं वय मोजायची तारीख वर्षातून एकच असे, 1 जानेवारी. ही बाई अठराची झाली जूनमध्ये. 2024 ची लोकसभा तर हुकलीच, जुन्या हिशेबानं विधानसभाही हुकली असती, आणि पुढची लोकसभा येईपर्यंत ती शिक्षण संपवून नोकरीला लागली असती. ऑगस्ट 2022 पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांची पहिली तारीख धरतात. तिला 1 जुलै सापडली. तिनं वसतिगृहात बसून मोबाइलवर नमुना 6 भरला, पुढे गावातल्या बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) बाईंनी घरी येऊन खातरजमा केली आणि नाव लागलं.

सगळ्यांचं लागत नाही. 61 व्या घटनादुरुस्तीनं 1989 मध्ये मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आलं. 2024 पर्यंत त्याला पस्तीस वर्षं झाली होती. तरीही 2024 च्या लोकसभेच्या यादीत 18-19 वयाची नावं होती सुमारे 1 कोटी 80 लाख, आणि त्या वयाची मुलं देशात पाच कोटींच्या घरात. म्हणजे दहातल्या चारांचीही नावं नव्हती. या मुलांना रीलमध्ये बुडालेली म्हणून झटकून टाकणं सोपं आहे. पण त्यांतली कितीतरी शिकायला किंवा कामाला परगावी असतात. नाव इथे लावायचं की तिथे, याचा निर्णय होईपर्यंत निवडणूक होऊन जाते.

आता घरातली गोष्ट. आमच्याकडे दारात येणारा कार्यकर्ता, तुम्हाला काय वाटतं, असं विचारत नाही. तो विचारतो, ‘घरात मतं किती?’ ताईच्या सासऱ्यांकडे, म्हणजे आबांकडे, या प्रश्नाचं उत्तर तयार असतं. तोवर ते पाच होतं. भाचीचं नाव यादीत आल्याचं कळताच आबांनी स्वतःहून फोन करून गटाच्या प्रमुखाला सांगितलं, ‘सहा धरा.’ त्यात कपट काहीच नव्हतं. घरात दुभतं जनावर आलं की डेअरीला लिटर वाढवून सांगतात, त्याच सरळपणे त्यांनी हा आकडा सांगितला. कारखान्याच्या ऊसतोडीची पाळी, सोसायटीचं कर्ज, विहिरीवरची वीज, अडल्यावेळी दवाखान्यात एक फोन, हे सगळं त्या गटाशी बांधलेलं. घर मतं देतं आणि गट घराला सांभाळतो, हा व्यवहार आबांनी उभ्या आयुष्यात चोख पाळला. शहरात बसून त्याला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा कारखान्याची तोड वेळेवर आणून दाखवावी.

मात्र या व्यवहारात मत घराचं असतं, माणसाचं नसतं. आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नेमक्या याच गोष्टीवरून एक मोठा पेच झाला होता. मतदारयाद्या करायला गेलेल्या लोकांना उत्तरेकडच्या अनेक भागांत बायकांनी नावं सांगितलीच नाहीत. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच नोंदवलं गेलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं. मुदत वाढवून दिली, तरी जवळपास 28 लाख बायकांची नावं शेवटी यादीतून गळली. काही जणांना तेव्हा हा हट्टीपणा वाटला. मला ते त्या निवडणुकीतलं सर्वांत करारी पाऊल वाटतं. लाखो बायकांचं पहिलं मत बुडालं हे वाईटच झालं, पण मत घराच्या नात्यावर मिळणार नाही, ते स्वतःच्या नावावर घ्यावं लागेल, हे त्यातून कायमचं ठरलं. गंमत अशी की यादी आजही घर क्रमांकानंच लावलेली असते आणि बहुतेक नावांखाली बापाचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. कार्यकर्त्याला घर मोजायला त्याचा फार उपयोग होतो.

मतदानाच्या दिवशी त्या घराला अडवणारी वस्तू म्हणजे तीन बाजूंनी झाकलेला एक करडा आडोसा. जिल्हा परिषद शाळेचा वर्ग. पहिला अधिकारी यादीत नाव शोधतो आणि मोठ्यानं वाचतो, ते उमेदवारांच्या पोलिंग एजंटांना ऐकू जावं म्हणून. एजंट बाकावर बसून आपापल्या यादीत खूण करतात. दुसरा अधिकारी डाव्या तर्जनीला शाई लावतो, 17-अ क्रमांकाच्या नोंदवहीत सही घेतो आणि चिठ्ठी देतो. ही शाई 1962 पासून म्हैसूरच्या सरकारी रंगकारखान्यातून येते, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं म्हणून ती कित्येक दिवस जात नाही. तिसरा अधिकारी चिठ्ठी घेतो आणि कंट्रोल युनिटवरचं बटण दाबून यंत्र मोकळं करतो. इथपर्यंत सगळं चारचौघांत चालतं. तुम्ही आलात, तुमचं नाव काय, बोटाला शाई लागली, सगळं गावाला दिसतं. मग आडोशामागे काही सेकंद: बटण, लाल दिवा, काचेआड सात सेकंद दिसून खाली पडणारी चिठ्ठी, आणि साऱ्या वर्गाला ऐकू जाणारा बीप. मत दिलं हे जाहीर, कुणाला दिलं ते गुपित. या दोन गोष्टी एकाच खोलीत, हातभर अंतरावर ठेवण्याची ही रचना फार हुशारीनं केलेली आहे.

अठरा वर्षांच्या मुलीला ते काही सेकंद कसे वाटत असतील, याचा विचार आपण करत नाही. आपल्या घरांत त्या वयाच्या मुलांना एकांत नावाची चीज मिळते कुठे? मोबाइलचा पासवर्ड धाकट्या भावाला ठाऊक असतो. वसतिगृहाच्या खोलीत चौघी. कुठलं कॉलेज, कुठली शाखा, कपडे कुठले, किती वाजता परत यायचं, या प्रत्येक गोष्टीवर घरात बैठक होते. लग्नाच्या वेळी तर अख्खी भावकी जमते. अशा आयुष्यात सरकार नावाची एक परकी संस्था येते आणि म्हणते, इथे तुझ्याबरोबर कुणीही येणार नाही, तू काय करतेस ते कुणी पाहणार नाही आणि नंतर तुला कुणी विचारूही शकणार नाही. भाची मला म्हणाली, ‘मामा, बटण दाबायच्या आधी मला एकदम भीती वाटली. उमेदवारांची नव्हे. ठरवायचं मलाच आहे याची.’ तिनं याआधी एकटीनं काहीच ठरवलं नव्हतं असं नाही, पण जे ठरवलं त्याचा जाब नंतर कुणाला तरी द्यावाच लागला होता.

माझं पहिलं मत 1991 चं, कागदावर शिक्का मारून दिलेलं. मतपत्रिकेवर क्रमांक असायचा, तोच क्रमांक स्थळप्रतीवर, आणि स्थळप्रतीवर आपली सही. आमच्यातल्या एकानं पिल्लू सोडलं होतं की हे जोडून पाहिलं की कुणी कुणाला दिलं ते कळतं. स्थळप्रती वेगळ्या मोहोरबंद होतात आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाहीत, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. गुप्ततेची तरतूद कायद्यात असली, तरी ती मतदाराला खरी वाटल्याशिवाय तिचा उपयोग नाही. मनात शंका असली की हात आपोआप घरच्या चिन्हाकडे जातो.

त्या दिवशी भाची आडोशामागे दोनदा गेली. दुसऱ्यांदा आजीबरोबर. आजीला काचबिंदूमुळे चिन्हं ओळखू येत नाहीत. अंध किंवा अपंग मतदाराला सोबती नेता येतो, पण त्या सोबत्याचं वय अठरा पूर्ण हवं. एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होता येतं, आणि मत गुप्त ठेवीन असं लेखी द्यावं लागतं. इतकी वर्षं आजीबरोबर धाकटा चुलता जायचा आणि घरी आल्यावर आबांना म्हणायचा, ‘झालं.’ या वेळी आजीनं नातीचा दंड धरला. परतल्यावर चुलत्यानं सवयीनं विचारलं, तेव्हा उत्तर आजीनंच दिलं, ‘तिला विचारू नका, तिनं सही केलीय.’ चुलत्यानंही दर वेळी सहीच केली होती. पण त्या सहीला काही अर्थ आहे, हे घराला कळायला एक अठरा वर्षांची सोबतीण लागली.

गुप्त मतदान ही लोकशाहीबरोबर जन्मलेली गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. ते तसं नाही. इंग्लंडमध्ये 1872 पर्यंत मतदार सगळ्यांसमोर उभा राहून उमेदवाराचं नाव सांगे. कुणी कुणाला मत दिलं याच्या छापील वह्या निघत, त्या विकतही मिळत. वेल्समध्ये 1868 च्या निवडणुकीत जमीनदाराच्या मर्जीविरुद्ध मत देणाऱ्या कुळांना जमिनींवरून हुसकावलं गेलं, आणि मग गुप्त मतदानाच्या मागणीला जोर चढला. याच वादात जेम्स मिल आणि त्याचा मुलगा जॉन स्टुअर्ट मिल दोन बाजूंना होते. बापानं 1830 मध्ये गुप्त मतदानाची बाजू घेऊन लिहिलं. मुलानं आधी तीच बाजू धरली, पण पुढे ती सोडली आणि 1861 च्या प्रातिनिधिक शासनावरच्या पुस्तकात तिच्याविरुद्ध लिहिलं. (त्याच्या आत्मचरित्रानुसार या मतपरिवर्तनात पत्नी हॅरिएट त्याच्या आधी पोचली होती. हे कबूल करणारे तत्त्वज्ञ थोडे.) धाकट्या मिलचं म्हणणं असं की मत ही मतदाराची खासगी मालमत्ता नाही, समाजानं त्याच्याकडे सोपवलेली ती जबाबदारी आहे. जबाबदारी चारचौघांसमोर पार पाडावी. आडोसा दिला की माणूस स्वतःच्या फायद्याचं किंवा लहरीचं बटण दाबतो, आणि त्याची त्याला लाजही वाटत नाही.

मिलचा मुद्दा हलका नाही. जात पाहून, पाकीट पाहून, चेहरा पाहून दिलेली मतं त्याच आडोशात पडतात. तरीही मी त्याच्या बाजूला जाऊ शकत नाही, कारण तो ज्या मतदाराबद्दल बोलतो त्याचं पोट दुसऱ्याच्या हाती नाही. आपल्याकडचा अनुभव वेगळा. मुंबई सरकारनं नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. 1930 च्या तिच्या अहवालात गावातला अस्पृश्य समाज रोजगारासाठी सवर्णांवर कसा अवलंबून आहे आणि हक्क मागताच त्याच्यावर बहिष्काराचं हत्यार कसं चालतं, हे मांडलं आहे. दळण बंद, दुकान बंद, रानातून जायची वाट बंद. ज्याच्यावर असा बहिष्कार पडू शकतो, त्याला उघड मत द्यायला सांगणं म्हणजे मत काढून घेणंच आहे. आडोशाची गरज सगळ्यांना सारखी नसते. आबांना ती फारशी नाही, त्यांच्या रानातल्या सालगड्याला फार आहे, आणि त्यांच्या नातीला त्या दोघांच्या मधोमध कुठेतरी.

आणि मिलला एक उत्तर भाचीनं नकळत देऊन टाकलं. मी तिला नाव विचारलं नाही, पण कशावरून ठरवलंस एवढं विचारलं. ती म्हणाली, ‘कारणं सांगते, नाव सांगणार नाही.’ मग तासभर बोलत होती. सकाळची एसटी बंद झाल्यावर तिच्या वर्गातल्या मुलींची कॉलेजं कशी सुटली, हे तिनं सांगितलं. उमेदवारांची शपथपत्रं आयोगाच्या संकेतस्थळावर असतात, त्यांतली मालमत्ता आणि गुन्हे तिनं वाचले होते. ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार आईच्या खात्यावर आले तेव्हा आईनं ते कुणालाही न विचारता खर्च केले, हेही तिच्या हिशेबात कुठेतरी होतं. त्या पैशांनी बायकांची मतं विकत घेतली, असं म्हणणाऱ्यांशी ती भांडली आणि त्या योजनेनं आपलं मत ठरावं हे मान्य नसल्याचंही तिनं सांगितलं. तिची सगळी कारणं मला पटली नाहीत. पण मिलला हवी होती ती चर्चा झाली आणि आडोसाही शाबूत राहिला. चर्चा कारणांची करावी आणि नाव पोटात ठेवावं, हे घरोघर जमलं तर त्याची अर्धी तक्रार मिटेल.

गुप्तता आपण कुणाला देतो आणि कुणाकडून काढून घेतो, हे पाहिलं की डोळे उघडतात. 2003 च्या दुरुस्तीपासून राज्यसभेसाठी आमदार उघड मत देतात. मतपत्रिका पेटीत टाकण्यापूर्वी ती आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते, दाखवली नाही तर मत बाद. सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये कुलदीप नायर यांच्या याचिकेवर ही पद्धत वैध ठरवली. महाराष्ट्रानं तिचा तमाशा 10 जून 2022 ला पाहिला. कुणी कुणाला मतपत्रिका कशी दाखवली यावर तक्रारी झाल्या, मोजणी मध्यरात्रीपलीकडे गेली आणि आमदार सुहास कांदे यांचं मत आयोगानं बाद ठरवलं. दहा दिवसांनी विधान परिषदेची निवडणूक झाली. तिथे आमदारांचं मतदान गुप्तच असतं. मतं फुटली, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतच्या वाटेला लागले. याचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा. मला एवढंच दिसतं की पाच-पाच वेळा निवडून आलेल्या आमदाराला राज्यसभेच्या वेळी जो आडोसा मिळत नाही, तो माझ्या भाचीला पहिल्याच दिवशी मिळतो. मला हे योग्य वाटतं. आमदार लोकांच्या वतीनं मत देतो, त्यानं हिशेब द्यावा. ती कुणाच्याच वतीनं देत नाही.

‘नोटा’चं बटणही गुप्ततेच्याच भांडणातून आलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याआधी कुणालाच मत द्यायचं नसेल तर नियम 49-ओ होता. केंद्राध्यक्षाला तसं सांगायचं, मग तो नोंदवहीत शेरा लिहिणार आणि आपण त्याखाली सही करणार. म्हणजे मत दिलं तर गुप्त, नाकारलं तर जाहीर. गावात एजंटांच्या डोळ्यांदेखत असा शेरा मारून घ्यायला किती जण धजतील? पीयूसीएल या संघटनेच्या याचिकेवर 27 सप्टेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नकारालाही तीच गुप्तता मिळाली पाहिजे, आणि यंत्रावर आणखी एक बटण आलं. लातूर ग्रामीणमध्ये 2019 ला याच बटणानं साडेसत्तावीस हजार मतं घेऊन दुसरा क्रमांक मिळवला. नोटानं निकाल बदलत नाही म्हणून त्याला कुचकामी म्हणणारे बरेच आहेत. आयुष्यात कधीही उघड ‘नाही’ म्हणू न शकलेल्या माणसाला त्याचं मोल वेगळं असतं.

पाकीट देणाऱ्याची खरी अडचण आडोसाच आहे. पैसे पोचले, पण माल मिळाला की नाही ते कळत नाही. म्हणून पूर्वी भंडारा उचलून शपथ घ्यायला लावत. लोक देवाला भीत, शपथ पाळत. मग लोक शहाणे झाले, दोघांचं घ्यायचं आणि तिसऱ्याला द्यायचं हेही शिकले. आता भंडाऱ्याची जागा फोटोनं घेतली आहे: बटणाचा फोटो दाखव, उरलेले घेऊन जा. मतदान केंद्रात मोबाइल नेऊ देत नाहीत म्हणून नव्या मतदारांची चिडचिड होते. भाचीचीही झाली, बाहेर चुलत्याकडे फोन देऊन जावं लागलं म्हणून. पण फोन बाहेर ठेवायला लावणारा तो पोलीस तिच्याच बाजूचा असतो. पुरावा देण्याची सोयच नसेल, तर तिच्याकडे पुरावा मागता येत नाही. शाई लागलेल्या बोटाचा सेल्फी हवा तेवढा काढावा, त्यातून नाव कळत नाही. पुढे वर्षभर आपणच समाजमाध्यमांवर जे लाइक आणि शेअर करत बसतो, त्यातून मात्र कळतं, आणि तिथे आडोसा लावायला कुठलाच पोलीस येत नाही.

लहान निवडणुकीत आडोसा आणखी पातळ होतो. ग्रामपंचायतीच्या प्रभागात मतदार काही शे, भावकी ठरलेली, पॅनेल दोन. पाच-दहा मतांचा फरक पडला की कुणी दगा दिला हे गाव बोटावर मोजून सांगतं. काही गावं तर मतदानच होऊ देत नाहीत. बिनविरोध निवडीचं आपल्याकडे कौतुक होतं, वरून निधीही मिळतो. भांडणतंटा टळतो हे खरं. पण 2020-21 च्या निवडणुकांत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे पदांचे लिलाव झाल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगानं तिथली निवडणूक रद्द केली. उमराण्यातली बोली दोन कोटींवर गेल्याच्या बातम्या होत्या, पैसे देवळासाठी. त्या वर्षी तिथे अठरा पूर्ण केलेल्या पोरांना कुणी विचारलं असेल का, की तुमचं पहिलं मत देवळाला देऊन टाकू का?

विधानसभेलासुद्धा गुप्तता अर्धीच आहे. माणसाचं मत लपतं, बूथचं लपत नाही. मतदान संपलं की प्रत्येक एजंटाला नमुना 17-क मिळतो, त्यात त्या बूथवर एकूण किती मतं पडली ते असतं. मोजणीनंतर नमुना 20 मध्ये कुठल्या बूथवर कुणाला किती, हे सगळं जाहीर होतं. कागदी मतपत्रिकांच्या काळात जिथे मतदारांना धमकावलं जाण्याची भीती असेल, तिथे निरनिराळ्या पेट्यांतले कागद मोजण्यापूर्वी मिसळून टाकायची सोय होती, नियम 59-अ. यंत्र आलं आणि ते मिसळणं थांबलं. आता गावोगावच्या पुढाऱ्यांचं सगळं राजकारण त्या आकड्यांवर चालतं. कुणी किती ‘लीड’ दिलं यावर उद्या रस्त्याचं डांबर ठरतं. निकालानंतर आबांच्या ओसरीवरही असाच कागद घेऊन मंडळी बसली होती. आमच्या बूथवर गटानं धरलेल्या आकड्यापेक्षा मतं कमी पडली होती. किती आणि कुणाची, यावर रात्री उशिरापर्यंत खल चालला. संशय वाडीवरच्या दोन घरांवर गेला, एका नव्या सुनेवर गेला, पुण्याहून एसटीनं आलेल्या पोरांवर गेला. आजीचं नाव कुणाच्या डोक्यातही आलं नाही. भाचीकडे आबांनी एकदा पाहिलं, पण विचारलं नाही. त्याचं श्रेय मी आजीच्या त्या एका वाक्याला देतो.

या दुखण्यावर औषध तयार आहे, हे मी भाचीला नंतर सांगितलं. टोटलायझर नावाचं यंत्र आहे. चौदा बूथांची मतं एकत्र करून ते एकच बेरीज दाखवतं, त्यामुळे कुठलं गाव, कुठली वाडी कुणाबरोबर गेली ते कळत नाही. निवडणूक आयोगानं 2008 मध्येच त्याचा प्रस्ताव दिला होता, विधी आयोगानंही 2015 च्या आपल्या 255 व्या अहवालात त्याची शिफारस केली. ‘मग अडलं कुठे?’ तिनं विचारलं. मी म्हणालो, केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात विरोध केला. बूथवार आकडे कळले तर आपण कुठे चांगलं केलं आणि कुठे आणखी काम करायला हवं ते पक्षांना समजतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

‘म्हणजे ओसरीवर जो कागद आबांना हवा असतो, तोच दिल्लीलाही हवा आहे,’ ती म्हणाली.

हे आबांना सांगू नकोस, असं मी तिला बजावलं होतं. तिनं पुढच्या दिवाळीत सांगितलं. आबा म्हणाले, ‘मग कळणार कसं, कोण आपलं?’ त्यावर दोघांचं बरंच वाजलं, आणि आजी मध्ये पडली ती नातीच्या बाजूनं.